वसंतातले कार्यक्रम आणि आपली हजेरी

श्रोतेहो, पंचांग म्हणते की चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. कवी मंडळी म्हणतात की वसंत म्हणजे पालवी, मोहोर आणि कोकिळा. आणि आपण, घाटावरची साधी माणसे, दुपारी बारा वाजता डोक्यावर पंचा टाकून रस्ता ओलांडताना म्हणतो, "काय हो हे ऊन!" तिघांचेही खरे आहे. ह्याच दिवसांत पिंपळाला तांबूस पालवी फुटते, ह्याच दिवसांत विहिरीचे पाणी तळाला जाते, आणि ह्याच दिवसांत परीक्षा संपलेली पोरे घरात मावेनाशी होतात.

अशा वेळी तालुक्याच्या एखाद्या गावी जा आणि वाचनालयाच्या दारातला फळा वाचा. ग्रामदैवताची यात्रा, अमुक तारखेपासून वसंत व्याख्यानमाला, मुलांसाठी नाट्यशिबिर, मोडी लिपीचा वर्ग, पोहण्याचा वर्ग, कुठल्याशा आळीत चैत्रगौरीचे हळदीकुंकू. खडूने लिहिलेला एवढासा फळा, पण गावाच्या दोन महिन्यांचा संसार त्याच्यावर मांडलेला असतो. ना धड खेडे, ना धड शहर, अशी जी आपली गावे आहेत, त्यांचे सार्वजनिक आयुष्य बव्हंशी ह्याच दोन-तीन महिन्यांत घडते. पावसाळ्यात शेतीची धांदल, भाद्रपदापासून सणांची रांग. निवांतपणे बसून ऐकावे, हाताने काही शिकावे, ही सवड मिळते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी.

आज मला बोलायचे आहे ते ह्या फळ्याविषयी. त्याच्यावरचे कार्यक्रम पुढे चालतील काय, आणि चालले तर ते कुणाचे असतील, एवढे दोनच प्रश्न.

उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातले वाई गाव घेऊ. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी, कृष्णाकाठी वसलेले हे गाव. ढोल्या गणपतीचे देऊळ आणि नदीचे घाट पाहायला माणसे येतात, छायाचित्रे घेतात आणि पाचगणीला निघून जातात. पण वाई समजायची असेल तर कृष्णाबाईच्या उत्सवात जावे. हा उत्सव माघात सुरू होतो आणि फाल्गुनात पुढे चालतो. त्यातली मौज अशी की तो एकाच वेळी साऱ्या गावाचा नसतो. घाटांप्रमाणे आळ्या आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा. उत्सव पाळीपाळीने एकेका आळीकडे जातो. आज ह्या घाटावर मांडव, तर काही दिवसांनी त्या घाटावर. ज्या आळीची पाळी, तिने मांडव घालायचा, कीर्तन-गाणे ठरवायचे, प्रसादाचे पाहायचे. बाकीच्या आळ्यांनी पाहुणे म्हणून यायचे.

ही पाळीची रीत मला फार शहाणपणाची वाटते. सगळे काम एकाच्या गळ्यात पडत नाही, म्हणून कुणी थकत नाही. शेजारच्या आळीपेक्षा आपला प्रसाद कमी पडू नये अशी थोडी ईर्षाही राहते. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक जण वर्षातून एकदा यजमान होतो. जो माणूस कधीच यजमान होत नाही, तो हळूहळू पाहुणाही राहत नाही. तो नुसता बघ्या होतो.

आता व्याख्यानमालेकडे वळू. वसंत व्याख्यानमाला ही आपल्या महाराष्ट्राची खास चीज आहे. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पुढाकाराने १८७५ साली तिला आरंभ झाला. वसंतच का? तर शाळा-कॉलेजांना सुटी, कोर्टकचेऱ्यांना सुटी, बाहेरगावी नोकरीस असलेली शिकलेली माणसे घरी आलेली, आणि संध्याकाळी मोकळ्या हवेत बसणे सुखाचे. तीन वर्षांनी, ११ मे १८७८ रोजी, पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली, तीही मे महिन्यातच. आज जे अखिल भारतीय साहित्य संमेलन म्हणून गाजते त्याचे मूळ तिथे आहे. पुढे हे लोण गावोगाव गेले. नाशकात १९२२ पासून गोदाघाटावर मे महिन्यात व्याख्यानमाला चालत आली. वाईला लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची माला मे महिन्यात भरते. इतर किती तरी गावांत लहानमोठ्या माला आहेत. कुठे सात दिवसांच्या, कुठे महिनाभराच्या.

तिकीट नाही, ओळखपत्र नाही, परीक्षा नाही. सतरंजीवर बसावे, तासभर ऐकावे, घरी जाताना शेजाऱ्याशी वाद घालावा. ज्यांना कॉलेजचे तोंड पाहता आले नाही अशा हजारो माणसांचे हेच कॉलेज होते. अर्थशास्त्र, इतिहास, शेती, रोगराई, संगीत, परराष्ट्रांचे राजकारण, सारे तिथेच कानावर पडले.

पण श्रोतेहो, एवढे कौतुक करून थांबलो तर ते अर्धेच सांगणे होईल. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले होते. जोतीरावांनी नकार कळवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जे लोक सर्वसामान्य माणसाचे मानवी हक्क व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि आमच्या सभांचा मेळ बसायचा नाही. निमंत्रण आदराचे होते, नकार कडक होता. आणि त्या नकारात जो प्रश्न आहे तो अजून फळ्यासमोर उभा आहे: सभेचे दार उघडे आहे हे खरे, पण आत कोण बसले आहे?

तुमच्या गावच्या व्याख्यानाला कधी गेलात तर पाठीमागे उभे राहून जरा पाहा. पुढच्या दोन रांगांत निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले, वकील, डॉक्टर. बायका थोड्या, कारण साडेसहाची वेळ म्हणजे चुलीपुढची वेळ. तरुण त्याहून थोडे. बाजारात पाटी घेऊन बसणारी मावशी नाही, यष्टीचा कंडक्टर नाही, वीटभट्टीवरचा मजूर नाही. त्यांना कुणी मनाई केलेली नाही. पण त्यांना कुणी बोलावलेलेही नाही. विषय त्यांना विचारून ठरत नाहीत, वेळ त्यांना विचारून ठरत नाही. आणि मग कार्यवाह हळहळतात की अलीकडे लोक येत नाहीत! लोक म्हणजे कोणते लोक, हे आधी ठरवायला नको काय?

दुसरी अडचण आजच्या काळाची. कुणी म्हणेल, व्याख्यान ऐकायला जायचे कशाला? खिशातल्या मोबाइलवर जगातले वाटेल त्या विद्वानाचे भाषण ऐकता येते. वाईतच ज्याचे काम चालते त्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा तो हातात घेऊन पाहायला ग्रंथालयात जावे लागे. आज त्याच्या नोंदी अंथरुणात पडल्यापडल्या वाचता येतात. ही सोय मोठी आहे. रेडिओवरून बोलणाऱ्या माणसाने तरी तिला नावे ठेवू नयेत, कारण घरबसल्या ऐकायची सवय लावणारे पहिले यंत्र हेच!

पण ऐकणे आणि एकत्र ऐकणे ह्यांत फरक आहे. एकट्याने ऐकताना कंटाळा आला की आपण कळ दाबतो. आपल्या मताविरुद्ध कुणी बोलले की दुसरे लावतो. सतरंजीवर बसलेल्या माणसाला तसे करता येत नाही. शेजारी मास्तर बसलेले असतात, समोर व्याख्याता असतो, मधेच उठणे बरे दिसत नाही. मग नावडते बोलणेही शेवटपर्यंत ऐकावे लागते. आणि त्यात कधी कधी असे होते की माणूस घरी जाताना आपले मत थोडे हललेले घेऊन जातो. पाणी, जात, दारू, रस्ता ह्यांवरून जी भांडणे गावात होतात, ती मिटवायला हीच सवय लागते. न पटणाऱ्याचे बोलणे तासभर ऐकून घेता येणे ही गावाची ठेव आहे. ती एकट्याने साठवता येत नाही.

आता शिबिरे आणि वर्ग. हे व्याख्यानाचे धाकटे भावंड, पण गुणाने थोरले. व्याख्यानात कान शिकतात, वर्गात हात शिकतात. मोडी लिपीचाच वर्ग घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे हिशेब, पत्रे, खतपत्रे मोडीत लिहिली जात. आज अनेक घरांत पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचे कागद पडून आहेत आणि घरात ते वाचणारा एकही माणूस नाही. दहा-बारा दिवसांच्या वर्गात मोडीचा कोणी पंडित होत नाही. पण अक्षरओळख होते, आणि पुढे सराव ठेवला तर आपल्याच घरचा कागद आपल्याला वाचता येतो. जमिनीची हद्द, जुने देणेघेणे, एखाद्या आजीचे माहेर, काय काय त्यात निघेल सांगता येत नाही. हा नुसता छंद नव्हे. आपल्या घरचा कागद वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा त्याचा मतलब आहे.

वर्गाचे काम केवढे मोठे होऊ शकते ह्याचा एक दाखला ह्याच जिल्ह्यातला. २०१६ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या तीन तालुक्यांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा झाली, 'सत्यमेव जयते वॉटर कप' ह्या नावाची. साताऱ्यातला कोरेगाव तालुका त्यांत होता. स्पर्धेआधी गावोगावची निवडक माणसे प्रशिक्षणाला बोलावली गेली. समतल चर म्हणजे काय, उतार कसा मोजायचा, बांध कुठे घालायचा, हे त्यांना प्रत्यक्ष शिकवले. मग ती माणसे गावी परतली आणि ऐन उन्हात अख्खी गावे कुदळ-फावडी घेऊन शिवारात उतरली. कोरेगाव तालुक्यातले वेळू हे गाव पहिले आले. स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. ह्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट बक्षिसाची नाही. चार दिवस शिकून आलेली चारदोन माणसे परत येऊन बाकीच्यांना शिकवू लागली, ही आहे. वर्ग तिथेच संपला असता तर एक प्रमाणपत्र भिंतीवर लागले असते, एवढेच.

आणखी एक उदाहरण वरच्या अंगाचे. वाईहून घाट चढून पाचगणी ओलांडली की महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार लागते. स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून जाहीर झाले. आरंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. मोठी इमारत बांधून नव्हे, तर लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत. कुणाच्या ओटीवर कथा, कुणाच्या पडवीत चरित्रे. वाचायला येणारा परका माणूस आपल्या घरात बसणार, हे त्या घरांनी मान्य केले. सरकारने कपाटे आणि पुस्तके दिली, पण ओटी द्यायची ती घरच्यांनीच द्यायची होती.

ओटीवरून हळदीकुंकवाची आठवण होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण 'कार्यक्रम' म्हणत नाही, पण गावातला सगळ्यात नेटका कार्यक्रम तोच. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, गौरीपुढची आरास. अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही, तरी पन्नास बायका येतात आणि एकीला पन्हे मिळाले नाही असे होत नाही. मात्र ह्याच सुरेख समारंभाच्या दारात वर्षानुवर्षे काही बायका थबकल्या. नवरा गेलेल्या बाईला कुंकू नाही, बोलावणे नाही. ह्या बाबतीत पाऊल पुढे पडले तेही उन्हाळ्यातच. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. ठराव कागदावर होतो. तो खरा होतो तो दारात, जेव्हा घरची सून शेजारच्या काकूंना हात धरून आत आणते आणि म्हणते, "या ना काकू, तुमच्यासाठी डाळ ठेवलीय."

तर मग काय करावे? पैसा नाही, माणसे नाहीत, सभागृह नाही, अशी रड सगळीकडेच ऐकू येते. तिच्यावर वाईतलीच एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला अध्ययनासाठी राहिले होते. नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशी त्यांचे शिक्षण चालू होते. तिथे त्यांनी विद्यार्थी मंडळ काढले आणि एक वाचनालय सुरू करायचे ठरवले. पैसे कुठून आणायचे? वर्गणीचे पुस्तक घेऊन ते श्रीमंतांच्या दारी गेले नाहीत. ते स्वतः आणि पंधरा मुले जात्यावर बसली. लोकांचे धान्य दळून द्यायचे, दोन शेरांना एक पैसा. मुलांत चांगल्या खात्यापित्या घरची हायस्कुलातली मुलेही होती. सनातनी गावाला हा वेडेपणा वाटला. पुरुषांनी, त्यातून शिकणाऱ्या मुलांनी, दळण दळायचे म्हणजे काय! पण दोन महिने जाते फिरले आणि वाचनालयात चारशे पुस्तके झाली. ही हकिकत विनोबांनीच गांधीजींना पत्राने कळवली होती.

ह्या गोष्टीतले जाते मला महत्त्वाचे वाटते. वर्गणीने पुस्तके आली असती तर ती वर्गणीदारांची झाली असती. दळून आणलेली पुस्तके मुलांची झाली. आपल्या वसंतातल्या कार्यक्रमांना देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची कापडी पाटी व्यासपीठावर लागते, पाटी दर वर्षी मोठी होते आणि व्याख्यात्याचे नाव बारीक होत जाते. हे टाळायचे असेल तर थोड्याथोड्या हातांनी काम उचलले पाहिजे. देणगी नको असे नव्हे. पण देणगीदार एका वर्षी नाही म्हणाला तर माला बंद पडेल, अशी अवस्था नको.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट पाळीची. कृष्णाबाईच्या आळ्यांप्रमाणे व्याख्यानमालेचेही दिवस वाटून द्या. एक दिवस शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, एक भाजीबाजाराचा, एक बचत गटातल्या बायकांचा, एक एखाद्या वस्तीचा. वक्ता त्यांनी ठरवायचा, वेळ त्यांनी ठरवायची, सतरंज्या त्यांनी घालायच्या.

दुसरी गोष्ट वेळेची आणि जागेची. बायकांना साडेसहा जमत नसेल तर दुपारी चारला सावलीच्या जागी भरवा. मजुरांना रात्री जेवणानंतरच सवड मिळत असेल तर त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात नऊला भरवा. व्यासपीठाला पाय नसतात हे खरे, पण माइकला तर असतात?

तिसरी गोष्ट वक्त्याची. बाहेरचा नामांकित पाहुणा जरूर बोलवा. पण सातांपैकी दोन दिवस गावच्याच माणसाला द्या. तीस वर्षे बाळंतपणे केलेली परिचारिका, घाटात यष्टी चालवलेला ड्रायव्हर, कृष्णेचे पाणी कसकसे बदलत गेले हे पाहिलेला कोळी. ह्यांना भाषण करता येत नसेल, पण प्रश्न विचारले तर ते तासभर सांगतील. आणि त्यांच्या रांगेतली माणसे ऐकायला येतील.

चौथी गोष्ट पोरांची. त्यांना शिबिरात नुसते बसवू नका, काम द्या. फळा लिहायचा त्यांनी, पाहुण्याला स्टँडवरून आणायचे त्यांनी, भाषणाचा गोषवारा दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावायचा तोही त्यांनीच. शुद्धलेखन चुकेल. चुकू द्या. ज्या पोराने एकदा फळा लिहिला, तो पुढच्या वर्षी फळा वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही.

ह्यावर कुणी म्हणेल, हे सारे कार्यवाहांना सांगा, आम्हाला कशाला? आम्ही तर नुसते ऐकणारे. श्रोतेहो, नेमके तुम्हालाच सांगायचे आहे. कार्यवाह बिचारा आधीच थकलेला असतो. गावोगावच्या माला बंद पडल्या त्या बहुतेक भांडणाने नव्हे. पंधरा वर्षे एकच माणूस सतरंज्या घालीत राहिला, एके वर्षी त्याचे गुडघे दुखू लागले, आणि दुसरा कुणी वाकला नाही, म्हणून पडल्या. त्या वर्षी फळा कोरा राहतो. पुढच्या वर्षी फळाही जागेवर नसतो.

तेव्हा ह्या चैत्र-वैशाखात एक करा. आपल्या गावच्या फळ्यावर जो पहिला कार्यक्रम असेल, त्याला जा. विषय आवडीचा असो वा नसो. जाताना एकटे जाऊ नका. जो आजवर कधी आला नाही अशा एकाला बरोबर न्या: घरी काम करणाऱ्या बाईंना, समोरच्या दुकानातल्या पोऱ्याला, नवरा गेल्यापासून चार माणसांत न गेलेल्या मावशींना. त्यांना मागच्या रांगेत नव्हे, आपल्या शेजारी बसवा. आणि कार्यक्रम साडेसहाचा असेल तर सहालाच पोचा. सतरंजी लांब असते. तिचे दुसरे टोक धरायला माणूस लागतो.